बातूर जवळून, लेवोतोबी लांबून: मुलुंडच्या एका कुटुंबाच्या ज्वालामुखी सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेचं पाच जणांचं कुटुंब. नितीन सहकारी बँकेत आहे, पल्लवी घरून हिशेबाची कामं करते. नितीनची आई ६८ वर्षांची, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. सई सात वर्षांची, छोटू सव्वातीनचा. नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसं. मी मुंबईतल्या कुटुंबांच्या सहली आखून देते आणि बालीतला बातूर ज्वालामुखी पाहायची ही सहलही मीच आखली होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतली सगळ्यात महाग चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकते.

सईच्या डोक्यात ज्वालामुखी शिरला तो शाळेच्या प्रदर्शनात. गणपतीनंतर उरलेल्या शाडूचा डोंगर, पोटात बाटली, बाटलीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीवर तो डाग अजून आहे. त्यानंतर दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत खरा ज्वालामुखी दाखवायचा, असं नितीनने कबूल करून टाकलं आणि मग मला फोन केला. क्रम बहुतेक घरांत हाच असतो.

लहान मुलं असली की मी आधी शहरातल्या शहरात एक रंगीत तालीम करायला सांगते. इथे ती जागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या खडकाचा सुळका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर जे लाव्हाचे लोट आले, त्याच घराण्यातला हा खडक. थंड होताना तो उभ्या खांबांसारखा चिरत गेला. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आज खालून इमारतींनी इतका वेढलाय की पायथ्याशी उभं राहूनही डोंगर कुठे आहे ते विचारावं लागतं. वर गावदेवीचं देऊळ आहे. आजी मजेत चढल्या, त्यांना देवीला जायचं होतं. सईने खडकाला हात लावून "हा गरम होता?" असं तीन वेळा विचारलं. छोटू चाळिसाव्या पायरीच्या आसपास खाली बसला आणि तिथून पुढे नितीनच्या खांद्यावर गेला.

ही चाळीस पायऱ्यांची नोंद पुढे फार उपयोगी पडली.

अडचण

प्रत्येकाला वेगळं हवं होतं. सईला धूर पाहायचा होता. नितीनला इंडोनेशियात, जावा बेटावरच्या कावा इजेन ज्वालामुखीच्या निळ्या ज्वाळा पाहायच्या होत्या. फोनवर कुठेतरी बघितल्या होत्या त्याने. पल्लवीची एकच अट: मुलांना रात्री दोनला उठवायचं नाही. आजींचा प्रश्न रास्त होता: "आपल्याच देशात नाही का एखादा?" वरच्या मजल्यावरच्या काकांनी लोणार सुचवलं. लोणार उल्कापाताने झालेलं विवर आहे, ज्वालामुखीचा त्याच्याशी संबंध नाही, पण ही गल्लत इतकी सर्रास होते की मी आता हसत नाही.

खरी अडचण छोटूची छाती होती. त्याला बालदमा आहे. सर्दी झाली की घरघर सुरू होते, कधी कधी वाफ द्यावी लागते. ज्वालामुखीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूंत सल्फर डायऑक्साइड असतो. दम्याच्या माणसाला तो थोडासाही सोसत नाही आणि तो हवेपेक्षा जड असतो. सव्वातीन वर्षांच्या मुलाचं नाक जमिनीपासून किती उंचीवर असतं, ते नितीनला हाताने दाखवल्यावर निळ्या ज्वाळांचा विषय बराचसा तिथेच संपला.

दुसरा धोका समजावताना मी कुकर वापरला. शिट्टीच्या तोंडाशी भात अडकला की कुकर गप्प असतो, आणि तो गप्प असतो तेव्हाच घाबरायचं असतं. खडकाखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचा स्फोट होतो तेव्हा लाव्हा दिसत नाही आणि आगाऊ सूचनाही फारशी मिळत नाही. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला हेच झालं. सहलीला आलेल्यांसह ४७ माणसं बेटावर होती, त्यांतली २२ गेली. म्हणून माझा नियम असा की लहान मुलं बरोबर असताना विवराच्या काठावर जायचं नाही, डोंगर कितीही शांत दिसो.

तिसरा धोका राखेचा, म्हणजे विमानांचा. त्यावर मी एक वाक्य बोलले. "कधी कधी विमानं रद्द होतात, एखादा दिवस हाताशी ठेवू." एवढंच.

कोणते पर्याय होते

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात केली. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत, मधली दीडशेहून अधिक वर्षं झोपून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. पण बेटावर उतरता येत नाही, बोटीतूनच पाहायचं, आणि तो समुद्रप्रवास इतका लांब की गाडी लागणाऱ्या मुलीला घेऊन विचारही करू नये. (सईला माळशेज घाटातसुद्धा गाडी लागते.) बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी जवळ पडला असता, पण तिथे थंड चिखलाचे बुडबुडे येतात. सईला ते दाखवून "हाच तो" म्हणणं म्हणजे फसवणूक.

आइसलँड खर्चात बसत नव्हतं. पूर्व जावाच्या ब्रोमोवर मी आणि नितीन बराच वेळ अडकलो. ब्रोमो धुरकट असतो, म्हणजे सईची इच्छा पुरी. उंची २,३२९ मीटर. पण तिथला नेहमीचा कार्यक्रम म्हणजे पहाटे तीनला जीप, कडाक्याची थंडी, सूर्योदय, मग राखेच्या मैदानातून चालत जाऊन अडीचशेच्या आसपास पायऱ्या आणि वर थेट विवराचा काठ. छोटूच्या चाळीस पायऱ्या आठवल्या. नितीन म्हणाला, "मी आणि सई वर जातो, बाकीचे खाली थांबतील." पल्लवीने विचारलं, "त्या राखेत तीन वर्षांचं पोर आणि आई, आणि मी एकटी?" तिथे तो पर्याय मिटला.

राहिला बालीचा बातूर. उंची १,७१७ मीटर, शेवटचा उद्रेक २००० साली. तो एका प्रचंड जुन्या, काहिलीसारख्या खोलगट भागाच्या आत बसलाय, ज्याच्या तळाशी एक तळंही आहे, आणि काठावरच्या पेनेलोकान या गावापर्यंत सरळ डांबरी रस्ता जातो. गावाच्या नावाचा अर्थच पाहण्याची जागा. उंची महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्त. गाडीतून उतरायचं, समोर अख्खा डोंगर. आजींना चालणं नाही, छोटूला वायू नाही, पहाटे उठणं नाही. बातूरवरही सूर्योदयाचा ट्रेक असतोच, तो आम्ही यादीत घेतलाच नाही. धूर दिसण्याची खात्री नव्हती, आणि हे सईला मुंबईतच सांगायचं ठरलं.

मे महिना जास्त चांगला ठरला असता. बालीत नोव्हेंबरपासून पावसाळा सुरू होतो आणि डोंगर ढगात जातो. पण मे म्हणजे नितीनच्या शाखेत बदल्यांचा काळ, रजा नाही. त्यामुळे ७ ते १३ नोव्हेंबर २०२४ ठरलं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, नितीनला निवडणुकीची ड्युटी, १७ तारखेला प्रशिक्षण. तोवर परत यायलाच हवं.

काय केलं

व्हिसा बालीत उतरल्यावर मिळतो, माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपया, मुलांनाही तेवढाच. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीने परदेशी पाहुण्यांवर दीड लाख रुपयांचा कर लावलाय, तो आधीच ऑनलाइन भरला. (रुपये त्यांचे, आपले तेव्हा साधारण आठशे. आजींनी "दीड लाख" ऐकून खुर्चीचा हात धरला होता.)

बातूरसाठी एक दिवस पुरेसा होता, पण मी बालीतल्या उबुडमध्ये तीन रात्री ठेवल्या, म्हणजे ढग आले तर दुसरा दिवस हाताशी राहील. औषधांची यादी "सहलीचे दिवस अधिक तीन" या हिशेबाने केली. आजींच्या गोळ्यांची दहाची एक पट्टी. छोटूचा दम्याचा पंप, त्याला जोडायची नळी (स्पेसर) आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, सामानात नाही.

आता तिकिटं. क्वालालंपूरमार्गे जायचं होतं. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता, म्हणजे मध्ये बाहेर पडून नव्याने चेक-इन करता येणार होतं, म्हणून मला एक युक्ती सुचली: मुंबई–क्वालालंपूर एका कंपनीचं आणि क्वालालंपूर–देनपसार (बालीचा विमानतळ) दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं. पाच जणांचे ३१,००० रुपये वाचले. पल्लवी खूश, मीही.

विमा राहिला होता, आणि तो राहिला त्याला कारण होतं. १ तारखेला लक्ष्मीपूजन. संध्याकाळी सोसायटीत फटाके सुरू झाले आणि छोटूची छाती भरली. रात्री दोनदा वाफ द्यावी लागली. पल्लवी म्हणाली, "ताई, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी एक रुपयाही पुढे भरणार नाही." तेव्हा मला ते योग्यच वाटलं. डॉक्टरांनी ५ तारखेला तपासलं, छाती मोकळी होती. विवराजवळ जायचं नाही आणि रोजचं औषध चुकवायचं नाही, एवढं सांगून त्यांनी परवानगी दिली. विमा त्याच दुपारी काढला.

३ नोव्हेंबरची रात्र

मधल्या काळात, ३ तारखेला मध्यरात्रीच्या सुमारास, फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकी या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. पायथ्याच्या गावांत माणसं दगावली. इंडोनेशियात इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात: नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. लेवोतोबी आवासला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला गेला.

बातमी मी ४ तारखेला वाचली. नकाशा काढला. लेवोतोबी बालीपासून सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला, मुंबईपासून नागपूर जेवढं आहे त्याहून लांब. बातूरची पातळी पाहिली, तिच्यात काही बदल नव्हता. पल्लवीला कळवलं, "काळजी नाही, तो वेगळाच डोंगर आहे."

हा निर्णयाचा खरा क्षण होता आणि मी तो निर्णय म्हणून ओळखलाच नाही. मुलाच्या फुप्फुसासाठी ज्वालामुखी काही किलोमीटरचा असतो, विमानाच्या इंजिनासाठी तो शेकडो किलोमीटरचा. राखेचे कण म्हणजे बारीक काच आणि दगड; इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात आणि आत पात्यांवर चिकटतात. कोरडी राख विमानाच्या हवामान रडारवर दिसतही नाही. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजच्या एका जंबो जेटची चारही इंजिनं पश्चिम जावाच्या गालुंगुंगच्या राखेत बंद पडली होती. ते लंडनहून मुंबईमार्गे निघालेलं होतं. खूप खाली आल्यावर इंजिनं पुन्हा चालू झाली आणि ते जाकार्तात उतरलं. म्हणून आता ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या केंद्रातून राखेची सूचना निघाली की कंपन्या धोका पत्करत नाहीत. बालीचा स्वतःचा आगुंग नोव्हेंबर २०१७ मध्ये जागा झाला तेव्हा तिथला विमानतळ दोन-तीन दिवस बंद होता, हेही मला माहीत होतं. ते ४ तारखेला माझ्या उपयोगी पडलं नाही, एवढंच.

निकाल

१० तारखेला ते पेनेलोकानला पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. तळलेली केळी खाऊन परत. छोटूने वाटेत जाहीर केलं की ज्वालामुखी संपला.

दुसऱ्या दिवशी सहाला निघून सव्वासातला पोहोचले. आभाळ स्वच्छ. डोंगराच्या उतारावर काळा पट्टा सांडल्यासारखा पसरलेला, पलीकडे तळं, आणि लांब आगुंगचं टोक. सई म्हणाली, "धूर नाहीये." पल्लवीने ठरल्याप्रमाणे सांगितलं की तो झोपलाय. मग गाडीने खाली लाव्हाच्या मैदानाजवळ गेले. तिथे सईने मुठीएवढा काळा दगड उचलला, जाळीदार, हलका. आजींनी तो हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने घासून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर वजरी!" टाचा घासायला एक न्यायची त्यांची फार इच्छा होती. गाडीवाल्याने हात जोडून ठेवायला सांगितलं, डोंगर तिथल्या लोकांसाठी देव आहे. आजींनी दगडाला नमस्कार केला आणि तो होता तिथे परत ठेवला. १९२६ च्या उद्रेकात जुनं बातूर गाव लाव्हाखाली गेलं आणि तिथलं देऊळ वर काठावर हलवलं गेलं, हे त्याच गाडीवाल्याने सांगितलं; परत जाताना आजींनी ते देऊळ पाहिलं. तळ्याकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या नावांत तिथे "तोया" येतं. तोय म्हणजे पाणी, हे सईला आजींनी सांगितलं. छोटू पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता. पंप दोन्ही दिवस फक्त नेहमीच्या वेळेला लागला.

म्हणजे ज्यासाठी एवढी आखणी केली तो भाग ठरल्यासारखा पार पडला.

१३ तारखेला सकाळी सव्वापाचला माझा फोन वाजला. बालीत पावणेआठ झाले होते. दुपारचं क्वालालंपूरचं विमान रद्द, लेवोतोबीची राख. त्या दिवशी बालीची कितीतरी उड्डाणं रद्द झाली. नितीनला विमानतळावर जाऊन रांगेत उभं राहायचं होतं. मी म्हटलं, खोली सोडू नकोस, आधी रात्री वाढवून घे. हा निर्णय बरोबर ठरला. नंतर तिथल्या गर्दीचे फोटो पाहिले, तेव्हा आजी आणि छोटू त्यात नाहीत याचं बरं वाटलं.

रद्द झालेल्या विमानाच्या कंपनीने १६ तारखेची जागा विनाशुल्क दिली. दुसऱ्या कंपनीचं क्वालालंपूर–मुंबई विमान मात्र १३ च्या रात्री वेळेवर सुटलं. त्यांच्या लेखी प्रवासी आलेच नाहीत. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते तर पुढची जागा लावून देणं कंपनीचं काम होतं. आमच्या बाबतीत कोणाचंच नव्हतं. पाच नवी तिकिटं ७८,००० रुपयांना पडली. विम्याचा दावा फेटाळला गेला, कारण उद्रेक ३ तारखेचा आणि विमा ५ तारखेचा. आधीच माहीत असलेली घटना विम्यात धरत नाहीत, आणि हे त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तीन जास्तीचे दिवस तसे बरे गेले. आजींच्या पट्टीतली शेवटची गोळी १६ च्या सकाळी संपली. घरी पोहोचायला रात्रीचे दोन झाले आणि सकाळी नऊला नितीन मतदान यंत्रांच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून पेंगत होता.

आता पाहिलं तर

दोन स्वतंत्र तिकिटांचा सल्ला मी ज्वालामुखीच्या प्रदेशात पुन्हा देणार नाही. मुंबई–सिंगापूर असल्या साध्या सहलीत अजूनही देते, तिथे हिशेब वेगळा आहे. या प्रकरणात मी माझी फी घेतली नाही. ती ७८ हजारांच्या जवळपासही जात नव्हती.

विम्याबद्दल पल्लवीशी माझं अजून पटत नाही. तिचं म्हणणं, मूल आजारी असताना जायचंच ठरलं नव्हतं तर विमा कशाचा? माझं म्हणणं, तिकिटाच्या दिवशीच विमा काढला असता तर हप्त्याचे साडेचार हजार रुपये फार तर बुडाले असते. पण ४ तारखेला बातमी वाचल्यावर तिला फोनवर "आता विम्यात हे बसणार नाही, तरी जायचं का?" असं मी विचारायला हवं होतं. कदाचित ते तरीही गेले असते. पण कळून गेले असते.

ब्रोमो न निवडल्याचा नितीनला अजून थोडा पश्चात्ताप आहे, मला नाही. ढगांसाठी ठेवलेला दिवस आणि औषधांचे जास्तीचे तीन दिवस, हे दोन्ही मी तसेच ठेवीन. तीनाऐवजी आता पाच लिहिते.

सईने शाळेत सहलीवर पाच ओळी लिहिल्या. त्यातल्या तीन विमान रद्द झाल्यावर हॉटेलात खाल्लेल्या नूडल्सवर आहेत, एक वजरीवर आणि एक गिल्बर्ट हिलवर. बाईंनी गिल्बर्ट हिलखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलंय. पल्लवी त्यांना भेटायला जाणार आहे.